वसंतरावांची गाणी आज दुसऱ्याने गायली, तर त्यांना न्याय मिळतो का?

धंतोलीकर | ३१ जुलै, रात्री ९:४०

काल ३० जुलै, डॉ. वसंतराव देशपांडे यांची पुण्यतिथी. १९८३ साली ते गेले तेव्हा मी सहावीत होतो. घरातला रेडिओ दिवसभर चालू होता आणि बाबा त्याच्यासमोरून उठले नव्हते, एवढं लख्ख आठवतं.

काल बाबांना घेऊन शहरातल्याच एका कार्यक्रमाला गेलो. कार्यक्रम कोणाचा आणि कुठे, ते लिहीत नाही, कारण माझी तक्रार त्या मंडळींबद्दल नाही. वसंतरावांची वीस-बावीस गाणी, तीन-चार गायक, निवेदन, मागे पडद्यावर फोटो. सभागृह भरलेलं होतं, पायऱ्यांवरही लोक बसले होते.

मध्यंतरानंतर पंचविशीतल्या एका मुलाने 'बगळ्यांची माळ फुले' घेतलं. शब्द वा. रा. कांतांचे, चाल श्रीनिवास खळ्यांची. गळा सुरेल, तयारीचा. पण लय बरीच चढी, मागे कीबोर्डच्या व्हायोलिनांचा नुसता लोंढा, आणि पहिल्याच ओळीत 'अंबरात' वर त्याने जी फिरत (सुरांची झरझर फिरवाफिरव) घेतली, तिच्या आधीचा 'अजुनि' हा शब्द पार गिळला गेला. त्या ओळीचा सगळा जीव 'अजुनि' मध्ये आहे हो! माळ अजून फुलते आहे, आणि तुला काही आठवतं का? तोच शब्द गेला तर उरतं काय, आकाश आणि बगळे.

बाबा ८४ वर्षांचे आहेत. गाणं सुरू झालं की खुर्चीच्या हातावर त्यांचं बोट चालू लागतं. काल दुसऱ्या अंतऱ्याला ते थांबलं. टाळ्या कडाडून पडल्या, बाबांनीही वाजवल्या. परत येताना बर्डीच्या पुलाखाली सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "पोरगा चांगला गातो. गाणं दुसरंच होतं."

घरी आल्यावर त्यांनी कपाटातून जुनी कॅसेट काढायला लावली. आकाशवाणीवरून त्यांनीच उतरवलेली, रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून. तिच्यात आमच्या जुन्या घराच्या टिनांवर पडणारा पाऊस आहे आणि मधेच आजीची हाक आहे, "दिवा लागला का रे?" माझ्यासाठी ते गाणं त्या हाकेसकटच पुरं होतं. तेव्हा माझं मत निर्मळ नाही, हे मला कळतं.

तरी मनापासून विचारतो. गेलेल्या गायकाचं गाणं दुसऱ्याने गायलं तर त्याला न्याय मिळू शकतो का? मिळत असेल तर कशाने मिळतो?

---

महालकर | ३१ जुलै, रात्री १०:१५

नाही मिळत. माझं उत्तर सरळ आहे.

वसंतरावांना मी तीनदा समोर बसून ऐकलं. एकच पद तीन वेळा ऐकलं आणि तीन वेळा वेगळं ऐकलं. आपलं घराणं आपल्यापासूनच सुरू होतं, असं ते म्हणत. मग त्या माणसाच्या रेकॉर्डमधली प्रत्येक हरकत, सुरांची लहानसहान नक्षी, पाठ करून ती जशीच्या तशी उतरवायची, याला गाणं कसं म्हणायचं? त्या क्षणी त्यांना ती जागा (स्वरांचं ते खास वळण) सुचली, म्हणून ती तिथे आली. उद्या त्यांनीच ती घेतली नसती.

आणि गळा? तो स्वरावरून असा काही झेप घ्यायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, आता हा पडणार. आणि तो नेमका समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, उभा! ती भीती आणि ती सुटका, हेच वसंतरावांचं गाणं. पाठ केलेल्या गाण्यात पडण्याची भीतीच नसते. मग सुटका कशी येणार?

---

रियाझ | १ ऑगस्ट, सकाळी ७:०५

महालकर काका, तुमच्या पहिल्या परिच्छेदातच माझं उत्तर आहे, फक्त मी उलट्या बाजूने येते. (मी पंचवीस वर्षं गाणं शिकवते, त्यामुळे हा प्रश्न माझ्या वर्गात दर आठवड्याला असतो.)

आपण 'वसंतरावांची गाणी' म्हणून जे एका टोपलीत घालतो, त्यात दोन अगदी वेगळ्या जातीची गाणी आहेत.

एक म्हणजे नाट्यपद. 'मृगनयना रसिक मोहिनी' घ्या. देवलांच्या 'संशयकल्लोळ' मधलं पद, वसंतरावांच्या जन्माआधीचं. दरबारी रागात. आज आपण ते वसंतरावांचं म्हणतो, पण त्यांच्या आधी किती जणांनी ते रंगमंचावर गायलं! मास्टर दीनानाथांची पदं तर त्यांनी किती जीव लावून गायली. मग त्या गाण्यांपुरते वसंतराव स्वतःच दुसऱ्याचं गाणं गाणारे नव्हते का? त्यांनी दीनानाथांना न्याय दिला का? दिला. नक्कल करून दिला का? नाही. दीनानाथांकडून त्यांनी आक्रमकता घेतली, झेप घेतली, जागा स्वतःच्या घेतल्या.

त्याहून बोलका दाखला 'कट्यार काळजात घुसली' चा. १९६७ चं नाटक, संगीत पं. जितेंद्र अभिषेकींचं आणि लेखन आपल्या नागपूरच्या दारव्हेकर मास्तरांचं. त्यात 'घेई छंद मकरंद' हे एकच पद दोन रूपांत आहे. वसंतरावांचं सालगवराळी रागातलं, चपळ. आणि प्रसाद सावकारांचं धानी रागातलं, ठाय, म्हणजे संथ लयीतलं. शब्द तेच. दोन घराणी, दोन स्वभाव, दोन्ही खरी. नाटकाचा विषयच मुळी तो आहे. तिथे 'मूळ कोणतं आणि नक्कल कोणती' हे विचारताच येत नाही.

दुसरी जात भावगीताची. 'बगळ्यांची माळ', 'कुणी जाल का, सांगाल का'. इथे जागा गायकाच्या नाहीत, संगीतकाराच्या आहेत. खळ्यांची चाल ऐकायला सोपी आणि गळ्यात बसवायला महाकठीण. तिच्यातला एकेक खटका शब्दाच्या अर्थावर बेतलेला असतो. वसंतरावांसारखा नाटकात वादळ उठवणारा माणूस खळ्यांच्या चालीत किती शहाण्यासारखा, किती कमी गायला आहे ते ऐका. त्यांना येत नव्हतं म्हणून नाही, गाण्याला नको होतं म्हणून.

धंतोलीकर दादा, त्या मुलाची चूक माझ्या मते एवढीच, की त्याने भावगीत नाट्यपदासारखं गायलं. वसंतराव म्हटलं की फिरत, एवढंच त्याला कोणीतरी शिकवलं असावं. त्याने वसंतरावांची नक्कल केली, पण चुकीच्या गाण्यातल्या वसंतरावांची.

---

तबलजी_इतवारी | १ ऑगस्ट, दुपारी १:३०

नमस्कार. वाचून राहवलं नाही. त्या कार्यक्रमात तबल्यावर मीच होतो, म्हणून लिहून राहिलो.

ताई म्हणतात ते खरं आहे, पण मंचावर काय होते तेही सांगतो. बावीस गाणी. तालीम एक, तीही माईक लावता लावता, संध्याकाळी चार ते सहा. गायकाले त्या दिवशी सकाळी कळलं की त्याच्याकडे 'बगळ्यांची माळ' आहे. आधी ते दुसऱ्याकडे होतं, त्याचा गळा बसला. या पोराची पट्टी वेगळी, म्हणून स्केल उतरवलं. कीबोर्डवाल्याने जुन्या पट्टीत बसवून ठेवलेलं सगळं ऐनवेळी बदललं. खाली उतरल्यावर गाणं जड वाटते, मग त्याले उठाव द्यायला लय चढवतात. आणि आयोजक विंगेतून बोट फिरवून राहिले, 'चला, चला, साडेनऊला हॉल सोडायचा आहे.' सम मीच दिली, लयही मीच उचलली. त्यात त्या पोराचा दोष पाव आणा, बाकी आमचा सगळ्यांचा.

अंतरा झाल्यावर तो माझ्याकडे वळून पाहत होता. मले वाटलं लय अजून पाहिजे. आता समजते, त्याले कमी पाहिजे होती.

मी वीस वर्षं हेच काम करतो. रफी, किशोर, मुकेश, वसंतराव, सगळ्यांच्या तिथ्या पाठ आहेत. हल्ली तर ट्रॅकवर गाणारे गट गल्लोगल्ली झाले, सभासदच वर्गणी काढून हॉल घेतात, प्रत्येकाले दोन गाणी. तिथे आम्ही वादक नसतोच. ट्रॅक कोणासाठी थांबत नाही. गायकाचा श्वास कमी पडला तरी ठेका पुढे जाते. वसंतरावांचं गाणं ट्रॅकवर होऊ शकत नाही, हे मी तबल्याची शपथ घेऊन सांगतो. ते गाणं ठेक्याच्या जरा मागे राहते, मग धावून समेले गाठते. मशीनले मागे राहणं कळत नाही.

---

धंतोलीकर | १ ऑगस्ट, दुपारी २:१०

तबलजी दादा, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या पोराला कोणी सांगितलं का, की तुझा गळा चांगला आहे?" कृपया सांगा त्याला. माझ्याकडून माफीही सांगा, मी पूर्ण न कळता लिहिलं.

---

आठवी_तुकडी_ब | १ ऑगस्ट, संध्याकाळी ६:५०

मी इथे सगळ्यात लहान असेन. २०१५ मध्ये 'कट्यार' चा सिनेमा आला तेव्हा आठवीत होते. शाळेतून आल्यावर आईबरोबर गेले. त्याआधी मला वसंतराव देशपांडे म्हणजे सिव्हिल लाईन्समधल्या सभागृहाचं नाव एवढंच माहीत होतं. खरंच! आमचं शाळेचं स्नेहसंमेलन तिथे व्हायचं, त्या नावाचा माणूस गात असे, हे कोणी सांगितलंच नव्हतं.

सिनेमात खाँसाहेब या पात्रासाठी आवाज राहुल देशपांडे यांचा, म्हणजे वसंतरावांच्या नातवाचा. तो ऐकून मी घरी येऊन शोधलं आणि मूळ रेकॉर्डपर्यंत पोचले. पहिल्यांदा मूळ ऐकलं तेव्हा, खरं सांगते, मला सिनेमातलं जास्त आवडलं. स्वच्छ होतं. मूळ रेकॉर्डमध्ये आवाज जवळचा वाटत नव्हता. दोन वर्षं ऐकत राहिल्यावर कधीतरी ते उलटलं. कधी, ते सांगता येत नाही.

म्हणून महालकर काका, 'नाही मिळत' हे मला मान्य नाही. दुसऱ्याने गायलंच नसतं तर मी त्या दारापर्यंत आले नसते. आज मी रियाझ ताईंसारख्याच एका गुरूंकडे शिकते आहे.

---

महालकर | १ ऑगस्ट, रात्री ८:००

बेटा, तुझं बरोबर आहे. पण एक सांगतो. राहुल यांचं गाणं मी ऐकलं आहे, 'मी वसंतराव' या चित्रपटासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. ते आजोबांची नक्कल करत नाहीत, म्हणूनच ऐकवतं. आजोबा गेले तेव्हा ते अगदीच लहान. समोर बसून शिकणं नशिबी नव्हतं, तेही रेकॉर्डवरूनच आजोबांकडे गेले. म्हणजे तू ज्या वाटेने गेलीस, त्याच वाटेने नातूही गेला. हे लिहिताना आत्ताच माझ्या ध्यानात आलं.

---

वकील_सदर | १ ऑगस्ट, रात्री १०:३०

कायद्याची बाजू थोडक्यात, कारण न्याय हा शब्द धाग्यातच आहे.

रेकॉर्ड केलेल्या गाण्याची नवी आवृत्ती काढायची तर कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ३१ क आहे. मूळ रेकॉर्डिंग ज्या वर्षी झालं ते वर्ष संपल्यावर पाच वर्षं थांबावं लागतं. दरवर्षी किमान ५०,००० प्रतींचं मानधन हक्कधारकांना आगाऊ द्यावं लागतं. वेष्टनावर मूळ गायकाचं नाव किंवा चित्र वापरता येत नाही आणि ही नवी आवृत्ती आहे हे ठळक लिहावं लागतं. तांत्रिकदृष्ट्या गरजेचा नसलेला बदलही गाण्यात करता येत नाही. दुरुस्तीआधी हाच अवधी दोन वर्षांचा होता, आणि त्या काळात जुन्या गायकांच्या गाण्यांच्या कॅसेटी दुसऱ्या आवाजात किती निघाल्या, हे इथल्या बऱ्याच जणांना आठवत असेल.

या कलमात एक गोष्ट मला फार आवडते. मूळ गायकाचा फोटो लावून दुसऱ्याचा आवाज विकू नका, हे कायद्याने सरळ सांगितलं. मंचावरच्या कार्यक्रमाला हे कलम लागत नाही, तिथे परवाना वेगळा. पण जाहिरातीत मोठा फोटो वसंतरावांचा आणि गाणाऱ्या मुलांची नावं खाली मुंगीएवढी, हे मला पटत नाही. त्या मुलांवरच अन्याय आहे तो.

यंत्राने आवाज बनवण्याचं प्रकरण आणखी पुढचं आहे. २०२४ मध्ये ए. आर. रहमान यांनी 'लाल सलाम' मधल्या एका गाण्यात दोन दिवंगत गायकांचे आवाज असे वापरले, पण कुटुंबांची परवानगी घेऊन आणि मानधन देऊन. त्याच वर्षी जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या बाजूने अंतरिम आदेश दिला, की त्यांच्या आवाजाची अशी नक्कल परवानगीशिवाय करता येणार नाही. ते हयात आहेत, स्वतः दाद मागू शकले. गेलेल्या माणसासाठी दाद कोण मागणार?

---

रियाझ | २ ऑगस्ट, सकाळी ६:४५

वकील साहेब, शेवटचं वाक्य वाचून थांबले. माझ्या एका विद्यार्थ्याने मोबाईलवर असंच काहीतरी ऐकवलं होतं, आजचं गाणं आणि गेलेल्या गायकाचा आवाज. सूर अचूक होता. पण गाणाऱ्याने श्वास कुठे घेतला ते ऐकू येईना. मला घशाशी काहीतरी अडकल्यासारखं झालं आणि मी ते बंद करायला लावलं. त्यापेक्षा परवाच्या त्या मुलाचं चढ्या लयीतलं गाणं हजार पटीने खरं. तो दमत होता, वळून पाहत होता. माणूस होता.

---

पुण्यात_नागपूरकर | २ ऑगस्ट, दुपारी १२:२०

इथे सगळे जाणकार लिहीत आहेत. मला सूर-ताल कळत नाही, पण एक प्रसंग सांगतो.

माझ्या बहिणीचं लग्न, खामल्यात, मे महिना, दुपारचा मुहूर्त. पाठवणीच्या वेळी मंडपवाल्याने 'दाटून कंठ येतो' लावायचं ठरलं होतं, 'अष्टविनायक' मधलं. सगळीकडे लावतात. नेमकी वीज गेली. जनरेटर सुरू होईना. बहीण गाडीपाशी उभी, कोणाला काही सुचेना, वडील खाली मान घालून. आणि आमचे मामा, आयुष्यात चारचौघांत कधी गायले नाहीत, त्यांनी ते गाणं म्हणायला सुरुवात केली. बेसूर. दुसऱ्या ओळीला शब्द चुकले, तिसऱ्या ओळीला आवाजच फुटेना. एका हाताने त्यांनी मंडपाचा बांबू धरून ठेवला होता, एवढं मला दिसतं आहे अजून.

वसंतरावांची रेकॉर्ड मी नंतर शेकडो वेळा ऐकली. पुण्यात एकटा असतो तेव्हा ऐकतो. पण दर वेळी दुसऱ्या ओळीला मला मामा चुकतात ते ऐकू येतं. मामा आता नाहीत.

त्यांनी त्या गाण्याला न्याय दिला की नाही, हे तुम्ही जाणकार ठरवा. मी ठरवू शकत नाही.

---

आठवी_तुकडी_ब | २ ऑगस्ट, दुपारी १२:४५

दादा, डोळ्यांत पाणी आलं.

---

महालकर | २ ऑगस्ट, दुपारी ३:१०

मामांनी दिला. त्यात ठरवायचं काही नाही.

---

धंतोलीकर | २ ऑगस्ट, रात्री ९:००

काल रात्री बाबांबरोबर 'कुणी जाल का, सांगाल का' ऐकत बसलो. कवी अनिलांचे शब्द, यशवंत देवांची चाल. अनिल आणि वसंतराव दोघेही जन्माने मूर्तिजापूरचे, आणि दोघांचंही नागपूरशी नातं. वसंतराव इथेच शंकरराव सप्र्यांकडे शिकले. बाबा म्हणाले की आम्हा नागपूरकरांना ते गाणं घरच्यासारखं वाटतं ते त्यामुळे. रात्री गाऊ नको असं त्या कोकिळाला कोणी सांगाल का, एवढंच मागणं आहे त्यात. मागणाऱ्याला काय झालं आहे, ते कवी उघड करत नाही. वसंतरावही करत नाहीत. आवाज एकदाही मोठा होत नाही.

मग मी त्याच गाण्याच्या दुसऱ्या गायकांनी गायलेल्या चार आवृत्त्या लावल्या. दोन बाबांनी पहिल्या ओळीलाच थांबवायला लावल्या, कारण गायक रडून दाखवत होते. तिसरी हुबेहूब वसंतराव, श्वासासकट. ती पूर्ण ऐकली आणि म्हणाले, "मग कॅसेटच ऐकू." चौथी एका मुलीची, नुसता तंबोरा आणि संवादिनी, बहुधा घरीच मोबाईलवर केलेली. मागे पंख्याची घरघर. तिचा स्वर एका ठिकाणी किंचित उतरला सुद्धा. पण ती शब्द सांगत होती. कोणाला तरी खरंच निरोप द्यायचा आहे, असं सांगत होती. बाबांचं बोट खुर्चीच्या हातावर चालू झालं आणि शेवटपर्यंत थांबलं नाही.

रियाझ ताई, तुमची दोन जातींची गोष्ट तेव्हा मला नीट कळली. नाट्यपदात गायकाला मोकळीक आहे, भावगीतात नाही, हे खरंच. पण या मुलीने चाल तसूभर बदलली नाही, वसंतरावांची एकही हरकत उचलली नाही, आणि गाणं तिचं झालं. म्हणजे भावगीतातही जागा असते. ती स्वरांत नसते, शब्द कोणाला उद्देशून म्हणायचा त्यात असते. हे मी बाबांच्या बोटावरून शिकलो.

---

तबलजी_इतवारी | २ ऑगस्ट, रात्री १०:२५

त्या पोराले भेटलो आज. धागा दाखवला. आधी तोंड उतरलं त्याचं, मग तुमच्या बाबांचा निरोप वाचला तर परत परत वाचत बसला. म्हणाला, 'अजुनि' गेला ते त्याले तिथेच कळलं होतं, झोप लागली नाही रात्रभर. हे गाणं त्याले त्याच्या पट्टीत, ठाय लयीत, कीबोर्डशिवाय म्हणायचं आहे. कुठे म्हणू, विचारत होता. हॉल त्याले परवडत नाही.

---

धंतोलीकर | २ ऑगस्ट, रात्री १०:४०

आमच्या घरी. रविवारी संध्याकाळी पाच. बाहेरच्या खोलीत पंधरा-वीस जण आरामात बसतील. घड्याळ पाहणारं कोणी नसेल. महालकर काका, तुम्हीही यायचंच, आणि वकील साहेब, आठवीतल्या ताई, सगळेच. पत्ता वैयक्तिक निरोपात पाठवतो. आधी कॅसेट ऐकवीन की नंतर, ते त्या मुलाला विचारून ठरवू.

---

महालकर | २ ऑगस्ट, रात्री १०:५५

नंतर. आधी पोराला गाऊ द्या. येतो.

---

रियाझ | ३ ऑगस्ट, सकाळी ६:३०

मी तंबोरा आणते. तबलजी, त्याची पट्टी कोणती ते शनिवारपर्यंत कळवा. तारा बदलायच्या आहेत, लावून आणते.